आधी जमिनीचं टोक

उस्तादांना सगळे नाना म्हणत. १९८८च्या उन्हाळ्यात मी वीजखात्यात हेल्पर म्हणून लागलो. पहिल्या दिवशी नानांनी मला खांबावर चढवलं नाही, साधी पकडही हातात दिली नाही. ऑफिसमागच्या चिंचेखाली नेलं आणि डिस्चार्ज रॉड समोर धरला. उंच काठी, वरच्या टोकाला आकडा, आकड्यापासून निघालेली तांब्याची जाड, मऊ तार आणि तारेच्या शेवटाला जमिनीत ठोकायची सळई.

"आधी जमिनीचं टोक, मग लाइनचं. काढताना आधी लाइनचं, मग जमिनीचं. म्हण."

मी म्हटलं. "परत म्हण." त्या दुपारी मी ते इतक्यांदा म्हटलं, की चहा घेऊन येणाऱ्या पोराचंही पाठ झालं. पुढे कितीतरी वर्षं तो मला पाहिलं की लांबूनच ओरडायचा, "वायरमन, आधी जमीन!"

मी आयटीआय करून आलेलो, मला वाटे आपल्याला कळतं. सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट घेतलं, त्यानं फीडर बंद केला, आपण इथला एबी स्विच ओढून कुलूप घातलं; मग तारेत उरलं काय? नानांना तसं विचारलंही.

"लाइन बंद आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"ऑपरेटरनं."

"माणूसच ना तो? माणसाचं सांगणं माणसासारखं असतं. रॉडला विचार."

नाना माळकरी नव्हते. एकादशीला मिसळ खात. देवळात जात ते बायको ओढून नेई म्हणून. आणि पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला श्रद्धेबद्दल जे काही कळलं, त्याची सुरुवात या माणसापासून झाली, हे सांगायला मला अजून थोडं अवघड जातं. कारण आमचं घर वारकऱ्याचं. वडिलांनी उभ्या आयुष्यात आषाढी चुकवली नाही. माझ्या गळ्यात माळ आली तिशीत, लग्नानंतर. एकादशी, हरिपाठ आणि वर्षाला एक वारी, असे तीन नेम घेतले. वारीचा नेम नोकरीनं परस्पर सोडवून टाकला. आषाढीला पंढरपुरात बाहेरून माणसं लागतात, आणि आमचं गाव जवळ, त्यामुळे यादीत माझं नाव ठरलेलंच असे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. वीज म्हणजे शक्ती, वीज म्हणजे परमेश्वराचं रूप, असं मला पुष्कळांनी ऐकवलं आहे. सत्काराला आलेले पाहुणे तर हमखास. मी कधी मान डोलावली नाही. वीज मी जवळून पाहिली आहे. तिला दया नाही, तसा आकसही नाही. जमिनीकडे जायला वाट मिळाली की ती जाते; ती वाट लोखंडाची आहे, ओल्या बांबूची आहे की दोन लेकरांच्या बापाची, हे ती बघत नाही. असा देव मला नको.

नानांचा आणखी एक दंडक होता : खांबावर देवाचं नाव घ्यायचं नाही. मी नवीन असताना चढताना पुटपुटायचो. त्यांनी खालून ऐकलं आणि उतरवलं. "वर असताना फक्त खांब. तुझा विठोबा खाली थांबतोय, त्याला घाई नाही." मला राग आला होता. संत गोरोबांची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. तेरचा कुंभार, चिखल तुडवताना नामात इतका रंगला की स्वतःचं रांगतं मूल पायाखाली आलं तरी कळलं नाही. कीर्तनात ही गोष्ट भक्तीची परिसीमा म्हणून सांगतात, आणि पुढे मूल परत मिळतं, म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो. खांबावर चढायला लागल्यापासून मला ती गोष्ट ऐकवत नाही. मूल परत मिळालं नसतं तर? आमच्या धंद्यात परत मिळत नाही.

१९९९च्या मे महिन्यात शेजारच्या सेक्शनमधला एक पोरगा गेला. पावसाळ्याआधीची कामं चालली होती : फांद्या तोडा, सैल तारा ओढा, फुटके इन्सुलेटर बदला. खांबावरून दोन फीडर जात होते, एका बाजूला गावठाणाचा, दुसऱ्या बाजूला शेतीचा. परमिट एकाचं घेतलं आणि हात गेला दुसऱ्याकडे. एवढंच. सव्वीस वर्षांचा होता. महिन्याची वारी करायचा, म्हणजे दर शुद्ध एकादशीला पंढरपूर. माझ्यापेक्षा दसपट भाविक.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ऑफिसात गेलो होतो, कशाला ते आता आठवत नाही, बहुधा कागदपत्रांसाठी. सगळे बाहेर उभे होते. आत कोपऱ्यात, झाडू आणि जुन्या मीटरच्या खोक्याशेजारी, रॉड भिंतीला टेकवून ठेवलेला. त्याच्यावर हळदीकुंकवाची बोटं होती. पाच. खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो, पकड, बेल्ट, शिडी, रॉड, सगळी. ती नवरात्रातली बोटं मे महिन्यात जशीच्या तशी होती. हाताच्या उंचीवरच होती. कुणाचाही हात तिथे लागला असता तर दोन दिवसांत पुसली गेली असती.

मी किती वेळ बघत उभा होतो ठाऊक नाही. शिपायानं येऊन विचारलं, "चहा घेणार का?"

गावात लोक म्हणाले, त्याचं भरलं होतं. दिवसकार्याला आलेल्या महाराजांनी सांगितलं, पांडुरंगाला तो प्रिय होता म्हणून लवकर बोलावून घेतला. त्याच्या आईनं पदर तोंडात धरला होता. मला उठून ओरडावंसं वाटत होतं, की त्याचं काही भरलं नव्हतं, रॉड ऑफिसात होता! माणसाच्या चुकीवर देवाची सही घ्यायची आपल्याला फार खोड आहे. तेवढी एक सही घेतली की मग कुणालाच काही बदलावं लागत नाही.

पण ओरडलो नाही, आणि त्याचं कारण शहाणपण नव्हतं.

त्याच वर्षी मार्चमध्ये, म्हणजे जेमतेम दोन महिने आधी, मीही रॉडशिवाय चढलो होतो. उसाला पाणी द्यायची पाळी, त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज रात्रीची. साडेअकराला खांबावरचा जंपर, म्हणजे तारा जोडणारा तुकडा, तुटला. मी पोचलो तर डीपीखाली तीस-चाळीस माणसं, हातात बॅटऱ्या. रॉड सात किलोमीटर मागे राहिला होता. "आवं वायरमन, सात किलोमीटर जाऊन येस्तवर लाइटीची पाळी संपंल की!" "परमिट घेतलंय न्हवं?" "काय हुत न्हाई, वर द्येव हाय." ऑपरेटरनं लाइन बंद केलेली होतीच, चढलो. जंपर बांधला, उतरलो, लाइन चालू झाली, मोटारी धरल्या. लोकांनी चहा पाजला. काही झालं नाही. आणि ती पहिली वेळ नव्हती. मोजून सांगायचं तर तिसरी.

तेव्हा तो पोरगा आणि मी यांच्यात फरक काय? भक्ती म्हणावी तर त्याची जास्त. शिस्त म्हणावी तर दोघांचीही सारखीच फाटकी. देवानं मला राखलं म्हणायचं, तर त्याच्या आईसमोर उभं राहून ते म्हणता आलं पाहिजे. मला आजही म्हणता येत नाही.

त्या पावसाळ्यात आमच्या गावी ज्ञानेश्वरीचं पारायण होतं. अठराव्या अध्यायात दोन जागा आहेत, मूळ गीतेत एकसष्टावा आणि त्रेसष्टावा श्लोक. पहिल्यात भगवंत सांगतात की ईश्वर सगळ्यांच्या हृदयात बसून भूतमात्रांना यंत्रावर चढवल्यासारखं फिरवतो. 'यंत्र' हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात, धंद्याचा परिणाम. मधला श्लोक शरण जायला सांगतो. आणि लगेच पुढच्यात अर्जुनाला म्हणतात, सगळं सांगून झालं, आता नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. अहो, आत्ताच तर म्हणालात ना, की फिरवणारा तुम्ही!

रात्री मी महाराजांना गाठून विचारलं. भला माणूस, पाऊण तास समजावलं. जीवाचं कर्तेपण, प्रकृतीचे गुण, पूर्वकर्म. भाषा गोड होती. घरी आलो तेव्हा डोक्यात काहीच उरलं नव्हतं, फक्त एक गोष्ट सोडून : यंत्रावर बसलेल्या माणसालाही विचारलं जातं. त्याचं काय ते त्यानं ठरवायचं असतं, आणि ते ठरवण्याआधी विचार करायचा असतो.

मी विचार केला तो मार्चच्या त्या रात्रीचा. तिथे माझी मर्जी होती कुठे? चाळीस बॅटऱ्या तोंडावर, कुणाचा ऊस वाळतोय, कुणी शिवी हासडतोय, कुणी मायेनं बोलतोय आणि मायेचं बोलणं शिवीपेक्षा जड. मी चढलो असं आपण म्हणतो. खरं म्हणजे चाळीस माणसांनी मला चढवलं. माणसाला मोकळी मर्जी असते, हे मला मान्य आहे. पण ती ऐन वेळेला हजर असते, हे मान्य नाही. ऐन वेळेला भीती हजर असते, भीड हजर असते. मर्जी वापरायची तर आधी, एकट्यानं, घरी बसून वापरावी लागते.

आणि मग माझ्या लक्षात आलं की यालाच आमच्याकडे नेम म्हणतात. माझी बायको एकादशीच्या सकाळी उठून, आज उपास करावा की नको, असा विचार करत नाही. तो प्रश्न तिनं अठराव्या वर्षी एकदाच सोडवला आणि दार लावून घेतलं. पाहुणे येवोत, लग्न असो, ताप असो, ते दार उघडत नाही. लोकांना वाटतं नेम म्हणजे बंधन. आपलीच मर्जी आपणच बांधून ठेवायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला ती ओढून नेता येत नाही.

कार्तिकी एकादशीला मी चौथा नेम घेतला. विठ्ठलासमोर नाही, बारी फार होती, कळसाकडे बघून. रॉड लावल्याशिवाय लाइनला हात लावणार नाही. कुणीही सांगितलं तरी. बायकोला सांगितलं तर ती हसली, "हा काय नेम झाला? हे तर तुमचं कामच आहे." मी म्हटलं, तेच तर.

पुढची दोन-तीन वर्षं लोक माझ्यावर चिडायचे. त्या वायरमनला येऊ देऊ नका, तो काठ्या-काठ्या खेळत बसतो, अशी तक्रारही गेली होती. रॉड मी मोटारसायकलला आडवा बांधून फिरायचो. कोपऱ्यावर वळताना एकदा एकाच्या भाजीच्या गाड्याचं छप्पर त्यानं उचललं. वांग्यांचे पैसे भरले.

तुळशीची लग्नं झाली की आमच्याकडे मांडव पडायला लागतात. अशाच एका डिसेंबरात गावाबाहेर काम निघालं. परमिट घेतलं, फीडर बंद, स्विचला कुलूप. सळई ठोकली, रॉड उचलला, पहिल्या तारेला आकडा टेकवला.

चट्ट.

निळी ठिणगी, आणि त्याच क्षणी अर्ध्या किलोमीटरवरच्या मंगल कार्यालयात अंधार. आधी मला काही कळलंच नाही. नंतर उलगडा झाला. लाइट गेल्यावर कार्यालयवाल्यानं जनरेटर चालू केला होता, पण चेंजओव्हर स्विच बसवलेला नव्हता. जनरेटरची वीज त्याच्या वायरिंगमधून बाहेर येऊन उलटी डीपीत शिरली. डीपी अकरा हजारांचे चारशे करते, तसेच उलट्या बाजूनं घातले तर चारशेचे अकरा हजारही करते. तिला काय. ती वीज माझ्या 'बंद' लाइनवर येऊन बसली होती. रॉडमधून ती जमिनीत गेली आणि जनरेटर गुदमरून बंद पडला. पाच मिनिटांत वऱ्हाडातली चार माणसं तावातावानं माझ्याकडे आली. ऐन मंगलाष्टकात लाइट घालवली म्हणून.

मी त्यांना काही बोललो नाही. मला बोलताच येत नव्हतं; सळईशेजारी बसलो होतो, आणि पायातलं कापरं थांबत नव्हतं.

घरी बायकोनं देवापुढे साखर ठेवली. म्हणाली, पांडुरंगानं राखलं. मी म्हटलं, रॉडनं राखलं. ती म्हणाली, रॉड लावायची बुद्धी कुणी दिली? मी गप्प बसायला हवं होतं. बसलो नाही. म्हटलं, मग ती त्या पोराला का नाही दिली? ती बराच वेळ निरंजनाकडे बघत राहिली. "मला न्हाई सांगता येत," म्हणाली. मलाही येत नव्हतं. तेवीस वर्षं झाली असतील, अजून आम्ही दोघं तिथेच आहोत. ती रोज निरंजन लावते, मी रोज हरिपाठ म्हणतो, आणि तो प्रश्न घरातल्या तिसऱ्या माणसासारखा आमच्याबरोबर जेवतो.

सावता महाराजांचं अरण आमच्या माढा तालुक्यातलंच. हा माळी पंढरीला कधी गेला नाही, मळा सोडून जायला त्याला सवड नव्हती, म्हणून देवच त्याच्याकडे आला, अशी कथा. आजही इतर संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात आणि आषाढ वद्यात महाराजांच्या पुण्यतिथीला पांडुरंगाची पालखी उलटी अरणला येते. यात्रेचा लोड, पाऊस, वारा, काहीतरी उडतंच. एका वर्षी मी नेमका खांबावर होतो. खाली टाळ-मृदंगाचा आवाज वाढत गेला, पालखी वळणावर आली, गर्दी हलली. मला वरून पालखीचं छत दिसलं, त्यावरची फुलं दिसली आणि भिजलेली असंख्य डोकी. हात जोडायला मोकळे नव्हते, एका हातात पकड, दुसऱ्यात वायर. नानांचा दंडक आठवला आणि नजर परत इन्सुलेटरवर आणली.

हे घरी मोठ्या कौतुकानं सांगितलं. मला वाटलं बायकोच्या डोळ्यांत पाणी येईल. ती म्हणाली, "काम झाल्यावर खाली उतरून पाया पडायला काय झालं होतं?"

खरंच होतं. सुचलंच नाही.

पंढरपूरच्या ड्यूट्या मोजल्या तर वीसेक होतील. त्यातल्या सोळा वेळा दर्शन झालं नाही. आषाढीच्या काळात देवळात देवाचा पलंग काढून ठेवतात. लाखो लोक भेटीला आलेले, देवानं झोपायचं कसं? रात्रंदिवस देऊळ उघडं, देव उभाच. थकू नये म्हणून पाठीशी तक्क्या देतात, आणि यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होऊन शीण काढतात. तेव्हा कुठे पलंग परत. आमची पोरं म्हणायची, साहेबालाही नाइट शिफ्ट लागली. चेष्टाच, पण रात्री तीन वाजता वाळवंटाकडच्या खांबाखाली भिजत उभं असताना मला ती फार जवळची वाटे. तोही जागाच होता. तेवढं पुरे व्हायचं.

निवृत्त व्हायच्या आधीची माझी शेवटची आषाढी. पंढरपुरात ६५ एकर म्हणतात त्या तळावर दिंड्यांच्या राहुट्या पडलेल्या, दशमीची रात्र, पावसाची भुरभुर. एका बाजूची लाइन ट्रिप होत होती. मी रॉड खांद्यावर टाकून चिखलातून चाललो होतो. एका राहुटीच्या तोंडाशी बसलेल्या म्हातारीनं हाक मारली, "वायरमनदादा, ते हातात काय हाय?"

आवाजावरून नाही, पदर तोंडात धरायच्या लकबीवरून ओळखलं. त्या पोराची आई. तिनं मला ओळखलं की नाही, मला कळलं नाही, आणि मी ओळख दिली नाही. त्याच्यामागं दर वर्षी तीच वारी करते, एवढं ऐकून होतो.

"रॉड आहे मावशी. तार हातात धरायच्या आधी लावतात."

"मंग धक्का बसत न्हाई?"

"बसत नाही."

तिनं हात पुढे केला. मी रॉड आडवा धरला. तिनं तो बोटांनी चाचपला, आकड्यापासून तारेपर्यंत, भांडं घेताना बाया पोचे बघतात तसा. मग कनवटीची डबी काढली, माझ्या कपाळाला बुक्का लावला, आणि तेच बोट रॉडला टेकवलं, मुठीच्या जागेच्या किंचित वर. रॉडची पूजा मला तेवीस वर्षं डोळ्यांसमोर नको होती. मी काही बोललो नाही. "जा," ती म्हणाली, "लोकं अंधारात हाईत."

त्या रात्री लाइन तीनदा गेली. तीनदा सळई ठोकली, तीनदा रॉड लावला, काढला. पहाटे नदीकडून काकड्याचा आवाज यायला लागला तेव्हा रॉड पुसून ठेवायला घेतला. बुक्का रॉडवर राहिला नव्हता. माझ्या तळहाताच्या रेघांत गेला होता, चिखलाबरोबर.